काकूंनी दिलेलं विरजण

मेश्राम काकू गेल्याची बातमी आमच्याकडे कंपाउंडच्या भिंतीवरून आली. त्यांच्याकडची प्रत्येक गोष्ट इतकी वर्षं त्याच भिंतीवरून येत होती. थंडीतली सकाळ होती, मी ऑफिसला निघायच्या घाईत होते आणि आई मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. काकूंची सून प्रज्ञा भिंतीपलीकडे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, आई गेल्या… पहाटे." आईने हातातली पिळलेली चादर पुन्हा बादलीत ठेवली. मग म्हणाली, "मी येणार होते गं…" प्रज्ञाने समजल्यासारखी मान हलवली. तिला वाटलं असणार, दुखण्यात एकदा भेटून जायचं राहिलं असं आई म्हणते आहे. पण भेटायला आई गेली होती, दवाखान्यातही गेली होती. ती कशाबद्दल बोलत होती हे त्या अंगणात फक्त मला कळलं, आणि मी नेहमीसारखी गप्प राहिले.

आईला मेश्राम काकूंच्या घरी जाऊन त्यांच्या हातचा चहा प्यायचा होता. एवढंच. वाचणाऱ्याला हे फार लहान वाटेल. दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत, दोन्ही फाटकं एकाच रस्त्यावर, आणि कुणी कुणाला अडवलेलं नाही. तरी माझं सगळं बालपण आणि कॉलेज होऊन गेलं, मी नोकरीला लागले, आणि तो चहा राहिला.

आम्ही मूळचे महालातले, शहराच्या जुन्या वस्तीतले. तिथल्या भाड्याच्या घराला मागे एक अरुंद गल्ली होती आणि त्या गल्लीकडे उघडणारा संडास. रोज सकाळी गल्लीतून पत्र्याचा डबा ओढल्याचा आवाज यायचा. डबा नेणाऱ्या बाईचा चेहरा मी कधीच पाहिला नाही, आमच्यापैकी कुणीच पाहिला नसावा. बाबांना तो आवाज सहन होत नसे. ते सरकारी कचेरीत कारकून होते, आवाज चढवून बोलणं त्यांना कधी जमलं नाही, पण त्या आवाजाच्या वेळी ते उगाच मोठ्याने रेडिओ लावायचे. शहराच्या दक्षिणेला नवा लेआउट पडला तेव्हा कर्ज काढून त्यांनी प्लॉट घेतला आणि सगळ्यांना सांगत सुटले की आपल्या घराला मागची गल्लीच नसेल, फ्लश असेल, सेप्टिक टँक असेल, कुणाला काही उचलावं लागणार नाही.

लेआउट म्हणजे तेव्हा नुसतं वावर होतं. काळी माती, बाभळी आणि चुन्याने आखलेले रस्ते. गटाराची लाइन तिकडे यायला अजून किती वर्षं लागतील हे कुणाला सांगता येत नव्हतं. बांधून होऊन माणसं राहायला आलेली असं एकच घर होतं, आमच्या शेजारचं, मेश्रामांचं. मेश्राम काका रेल्वेत होते आणि आठवड्यातले निम्मे दिवस गाडीवर असायचे. काकू एकट्या असायच्या, म्हणजे मुलगा आनंद आणि दोन शेळ्या धरून एकट्या. आमच्या टाकीचा खड्डा खणायला सुरुवात झाली तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून काठाशी येऊन उभ्या राहिल्या. उंच, सावळ्या, आणि आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरची सायकल थांबावी. टाकीचं पाणी जिरवायला बाजूला शोषखड्डा घेत होते, तो पाहून त्यांनी मिस्त्रीला विचारलं, "काहून गा, इथंच थांबून राहिला? काळ्या मातीत पानी मुरते काय? मुरूम लागेपर्यंत खन. माह्या घरी असाच थांबला होता तुह्यासारखा एक शहाना, पावसात सारं अंगनात आलं." मिस्त्री चिडला. बाबा मात्र हसले आणि खड्डा मुरमापर्यंत नेला. त्या दिवशी बाबा मेश्रामांच्या व्हरांड्यात बसून चहा पिऊन आले. आईला ते कळलं. बाबा बाहेर कुठे काय खातात-पितात हा प्रश्न आमच्या घरात कधी नव्हता. आईला विचारलं असतं तर तीही म्हणाली असती की आपण असलं काही पाळत नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या मतात ते नव्हतंच… ते तिच्या हातात होतं.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात आईचं दही बिघडलं. नवीन जागा, नवीन गवळी, दही लागेचना. विरजण हवं होतं. बायका असल्या वेळी शेजारी वाटी पाठवतात, आणि शेजार एकच होता. आईने बाबांना सायकलवर महालात पाठवलं, जुन्या शेजारणीकडून चमचाभर विरजण आणायला. जाऊन-येऊन अर्धा दिवस गेला. बाबा हँडलला डबा लटकवून फाटकातून आत येत होते तेव्हा काकू शेळ्यांना पाला घालत होत्या. "काय आनलं गा भाऊ एवढ्या दुरून?" त्यांनी विचारलं. बाबांना खोटं बोलता येत नसे. "विरजण," ते म्हणाले. काकूंनी पाला घालणं थांबवलं नाही.

मग टाकी बिघडली. खरं तर ती आईनेच बिघडवली, पण ते तेव्हा कुणाला कळलं नाही. घरातच संडास ही कल्पना आईला पेलत नव्हती. स्वयंपाकघरापासून काही पावलांवर ते दार! ती सकाळ-संध्याकाळ त्यात फिनाईल ओतायची, दर शनिवारी ॲसिड. फरशी आरशासारखी चमकायची. आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळ्या घराला असा वास यायला लागला की पाहुण्यांना बोलवायची सोय राहिली नाही. हवा जायला उभा केलेला नळ तर होता, पण वारा फिरला की जेवताना घास अडायचा. आईने आणखी फिनाईल आणलं. बाबांनी शेणकाला कालवून ओतून पाहिला. आईने त्यावर पुन्हा फिनाईल ओतलं, कारण शेण ओतलं होतं! मी तेव्हा नुकतीच कॉन्व्हेंटमध्ये जायला लागले होते. आपल्या युनिफॉर्मला तो वास येतो की काय या भीतीने मी वर्गात सगळ्यांपासून थोडी लांब बसायची. ती लांब बसायची सवय पुढे वास गेल्यावरही राहिली.

शेवटी लेआउटचं काम पाहणारे ओव्हरसियर आले. त्यांनी झाकण उघडवून पाहिलं आणि सांगितलं की टाकीत मैला खाणारे जंतू लागतात, ते सगळे मेलेत. चांगल्या चालू टाकीतला बादलीभर गाळ आणून टाका, म्हणजे नव्याने लागेल. "दह्याला विरजण लावता ना वहिनी, तसंच." आई दारात उभी होती. तिचा चेहरा मला आजही दिसतो. चालू टाकी साऱ्या लेआउटमध्ये एकाच घरी होती.

या वेळी बाबा म्हणाले, "मी एकटा जाणार नाही. तू पण चल." का म्हणाले कोण जाणे. तसं ते आईला कधी काही सांगत नसत. आम्ही तिघं गेलो. काकू धान्य निवडत बसल्या होत्या. बाबांनी सगळं सांगितलं. ऐकताना काकूंच्या ओठांचे कोपरे हलायला लागले आणि मग त्या इतक्या मोठ्याने हसल्या की आत झोपलेला आनंद उठला. "टाकी मेली तुमची, कमलबाई! लय सोवळ्यात ठेवली तिले." मग सुपातले खडे बाजूला टाकत म्हणाल्या, "दह्याचं इरजन महालातून आनलं. याचं कुठून आनसान?" बाबा खाली पाहायला लागले. मला तेव्हा या बोलण्यातलं फारसं कळलं नाही, एवढंच कळलं की आईला रागावण्यात आलं आहे आणि आईजवळ उत्तर नाही. असं मी पहिल्यांदाच पाहत होते. काकूच पुढे म्हणाल्या, "बसा. चाय ठेवतो. देतो बादली, कायले नाही देनार? वासानं मीच मरून राहिली इकडं."

आई व्हरांड्यातल्या खाटेवर बसली. काकूंनी तिच्या हातात कप दिला, मला बशीत चहा आणि दोन बिस्किटं. मग त्या उठल्या, लोखंडी आकड्याने आपल्या टाकीचं झाकण सरकवलं, बांबूला बांधलेला डबा आत सोडला आणि गाळ वर काढून आमच्या बादलीत ओतला. बाबा तोंडावर रुमाल धरून बादली सांभाळत होते. काकूंनी रुमाल वगैरे काही लावला नव्हता. "पाहा भाऊ, कसा काळा, दाट हाय. याले म्हंतात टाकी," असं त्या एखादीने आपलं लोणचं दाखवावं तसं सांगत होत्या. दोघं आमच्या घरी जाऊन ते ओतून आले. साबणाने हात धुऊन काकू व्हरांड्यात परतल्या तेव्हा आईच्या हातात कप तसाच होता. चहावर साय धरली होती.

"काहून, गोड झाला?"

"नाही हो… आज उपास आहे माझा."

"उपासाले चाय चालते नं?"

"निर्जळी आहे," आई म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिच्या हातातून कप घेतला आणि उभ्या-उभ्या तो गार चहा स्वतः पिऊन टाकला. "साखर कायले वाया घालवा," म्हणाल्या. आम्ही घरी आलो. त्या संध्याकाळी आई जेवली नाही. आपलं म्हणणं खरं करण्यासाठी की दुसऱ्या कशासाठी, ते मी तिला कधी विचारलं नाही.

टाकी लागली. पंधरवड्यात वास कमी झाला आणि पुढे तर घरात टाकी आहे हे विसरायला झालं. फिनाईलची बाटली काकूंच्या हुकमाने माळ्यावर गेली. दर दोन-चार दिवसांनी त्या भिंतीवरून विचारायच्या, "कशी हाय टाकी?" जशी कुणी माहेरवाशिणीची चौकशी करावी. आई उत्तर द्यायची, "बरी आहे हो." हळूहळू त्या दोघींचं सगळं बोलणं याच वाटेने व्हायला लागलं. दोघींच्या मधे दुसरा विषय यायला धजत नव्हता, म्हणून सगळे विषय टाकीत उतरले. एकदा आई म्हणाली, "हल्ली पाणी फार जातं टाकीत. हे रात्री चार-चारदा उठतात." काकूंनी लगेच विचारलं, "तहान लागते काय लय त्यायले? लघवी तपासा, कमलबाई. साखर असन." आणि साखर निघाली. बाबांचा मधुमेह आम्हाला असा कळला.

मी मात्र काकूंकडे सर्रास जेवायची. शाळेतून आले की दप्तर टाकून तिकडे. मला बोलायला फार जमायचं नाही, इंग्रजी शाळेत इंग्रजी बोलायची भीती आणि लेआउटमधल्या मुलांत मराठी बोलायची. काकूंना माझ्या न बोलण्याचं काहीच वाटत नसे. "तू बोलत नाही थे बरं हाय बेबी. माह्या घरी बोलायले मी हाय नं." त्यांच्याकडे मी झुणका, चून, सुकटीची चटणी, सांडगे सगळं खाल्लं. छप्पनच्या साली दीक्षा घेताना नेसलेली पांढरी साडी त्यांनी एकदा मला ट्रंकेतून काढून दाखवली. तिला जरा पिवळेपणा आला होता. त्या दिवशीची गर्दी, चालून चालून सुजलेले पाय, कुणाच्या तरी कडेवरच्या पोराला लागलेली तहान, हे सगळं सांगता सांगता त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "खाय तू. थंड होऊन राहिलं." आईला माझं तिथे जेवणं ठाऊक होतं. ती कधी नाही म्हणाली नाही. उलट मला वाटतं, तिला ते हवंच होतं. माझ्या तोंडाने आमचं घर त्यांच्याकडे जेवत होतं, आणि आईला वाटत होतं की त्यात भागतं आहे.

काकू आईला विचारतच राहिल्या. वैशाख पौर्णिमेला, आनंदच्या वाढदिवसाला, कधी उगाच. आईचं उत्तर ठरलेलं. काकू मग मला म्हणायच्या, "तुह्या मायचे देव तरी किती हाय वं? रोजचाच उपास! सोमवार झाला, चतुर्थी झाली, आता बुधवारचा कोनता देव काढला तिनं?" मी हसायची. एकदा घरी येऊन आईला ते तसंच्या तसं सांगितलं, तिलाही हसू येईल असं वाटून. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून तिने विचारलं, "मेश्रामबाई हसत होत्या का हे म्हणताना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "बरं," आणि पुन्हा लाटायला लागली. त्यानंतर काही महिन्यांनी असेल, माझ्या लक्षात आलं की काकूंनी विचारणं सोडून दिलं आहे. राग नव्हता. बोलणं, टाकीची चौकशी, सगळं पूर्वीसारखं. फक्त चहाचं नाव नाही.

मी कॉलेजात असताना बाबा गेले. घर माणसांनी भरलं. गावाकडून, पुण्याहून, सगळीकडून. आमच्यात त्या दिवसांत घरची चूल पेटत नाही. लेआउट आता भरला होता, आजूबाजूच्या घरांतून पिठलं-भात, वरण, पोळ्यांचे डबे येत होते. काकूंकडून डबा आला नाही. त्या पहिल्याच दिवशी दुपारी आल्या, आईजवळ थोडा वेळ नुसत्या बसल्या, आणि मग उठून अंगणात गेल्या. आमचे काका-मामा तिथे घोळक्याने उभे होते. काकूंनी त्यांना सांगितलं, "एवढ्या मानसाची टाकी नोहे ही. गडीमानसं सारे लोटा घेऊन तिकडं नाल्याकडं जा बापा. घरातलं बायांसाठी ठेवा. बाईनं नवऱ्याचं दुःख करावं का संडासाचं?" पुण्याहून आलेल्या मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण गेले सगळे. तेरा दिवस काकू रोज सकाळी येऊन झाकणाजवळ कान-नाक लावून जात, शोषखड्ड्याभोवतीची माती मोकळी करून घेत. टाकी तुंबली नाही.

सगळे पाहुणे गेल्यावर एके दुपारी आई म्हणाली, "सगळ्यांनी डबे पाठवले. त्यांनीच नाही पाठवला." मी परत करायचे डबे पुसत होते. "त्यांना पाठवायचा नव्हता असं नाही. मी घेणार नाही हे त्यांना ठाऊक होतं… मीच शिकवलं ना त्यांना." मग म्हणाली, "एकदा जाऊन चहा घेऊन येते त्यांच्याकडे." तिने हे ज्या तऱ्हेने म्हटलं, त्यावरून मला वाटलं ती उद्याच जाईल.

ती गेलीही. अनेकदा गेली. व्हरांड्यात बसायची, बोलायची, परत यायची. मी विचारायची नाही, पण तिचा चेहरा सांगायचा. काकू तिला आता विचारत नव्हत्या. आईला अवघडवायचं नाही हे त्यांनी एकदा ठरवलं होतं आणि ठरवलेलं त्या मोडत नसत. आणि आईला मागता येत नव्हतं. इतकी वर्षं नाही म्हटलेली वस्तू तोंड उघडून मागायची कशी? "माझे उपास सुटले हो," असं म्हणायचं? मला वाटायचं, मी एकदा काकूंना सांगावं. एक वाक्य होतं. मी रोज त्यांच्याकडे जात होते, त्यांच्या चुलीपुढे बसत होते. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे आधीचं सगळं बोलायचं. आम्ही काय केलं ते मोठ्याने म्हणायचं. ते मला जमलं नाही. काकूंना सगळं ठाऊक आहे, मग बोलायची गरज काय, अशी मी माझी समजूत घालत राहिले.

मागच्या पावसाळ्यानंतर काकूंचं पोट दुखायला लागलं. दिवाळीनंतर त्या दवाखान्यात होत्या. आई आणि मी भेटायला गेलो तेव्हा एवढी मोठी बाई खाटेवर मावून जागा उरत होती. मोठा आवाज मात्र तसाच, निदान पहिल्या वाक्यापुरता. "या कमलबाई. आज कोनता उपास?" शेजारच्या खाटेवरची बाई वळून पाहायला लागली. आईने साडीचा पदर घट्ट धरला होता. "आज काही नाही," ती म्हणाली. "आता काहीच नाही करत मी." काकू तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांना कळलं. माझी खात्री आहे की कळलं. त्यांनी हात थोडा उचलून आईच्या मनगटावर ठेवला आणि म्हणाल्या, "मंग इथं काय भेटनार वं बाई? इथं नळाचं पानी धड भेटत नाही. घरी या." बरोबरीच्या मैत्रिणीला म्हणतात तसं त्या पहिल्यांदाच आईला 'वं' म्हणाल्या होत्या.

काही दिवसांनी त्यांना घरी आणलं. डॉक्टरांकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई रोज म्हणायची, आज जाते. पण काकू झोपून होत्या, चहा प्रज्ञालाच करावा लागला असता, आणि तिच्यामागे दुखणेकरी माणूस, कामं, येणारे-जाणारे. "जरा बरं वाटू दे त्यांना. मग त्याच करतील," आई म्हणाली. तिला वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं, हो. आम्हा दोघींनाही ठाऊक होतं की काकू आता उठून चहा करणार नाहीत. मग आम्ही काय बोलत होतो?

काकूंच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्यातल्या दिवसकार्याच्या दिवशी आई सकाळपासून जेवली नाही. मी चहा पुढे केला तर म्हणाली, "नको. तिकडे घेईन." पांढरी सुती साडी नेसली. मेश्रामांच्या अंगणात मांडव होता, वंदना झाली, काकूंच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. आईने फूल वाहिलं आणि हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मग जेवणाच्या पंगती बसल्या. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. आई माझ्याशेजारी चटईवर बसली, पदर खोचून, ताटासाठी समोर जागा करून. इतकी ताठ बसलेली मी तिला क्वचितच पाहिली असेल. वाढणारे आले, माझ्यापुढे पत्रावळ ठेवली. तेवढ्यात प्रज्ञा लगबगीने आली. तिचे डोळे सुजलेले होते, तरी चेहऱ्यावर हसू आणून ती आईजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही इथं कायले बसल्या? चला नं आतमध्ये, खुर्चीवर. तुमचं वेगळं ठेवलंय मी." आणि आत नेऊन तिने आईपुढे स्टीलची थाळी ठेवली. तीत सोललेलं काहीच नव्हतं. दोन संत्री, तीन केळी. "आईनं सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "कमलबाई आल्या की फळं ठेवजो, शिजलेलं पुढं नोको करू, त्यायले अवघड होते. मी लग्न होऊन आली तेव्हाच सांगितलं होतं त्यायनी."

दारातून मला आईची पाठ दिसत होती. तिने एक संत्रं उचललं, हातात धरलं. मला वाटलं आता ती बोलेल. प्रज्ञा इतक्या मायेने उभी होती, एवढ्या गर्दीत, एवढ्या दुःखात तिने ही आठवण ठेवली होती… त्या मायेपुढे 'मला हे नको, ते वाढ' कसं म्हणणार? आई म्हणाली, "किती करतेस गं." आणि संत्रं सोलायला लागली. मी बाहेर पत्रावळीवर पूर्ण जेवले. वाढणाऱ्याला नाही म्हणता येईना मला.

तेव्हापासून आई आठवड्यातून दोन-तीनदा तरी मेश्रामांकडे जाते. काहीतरी कारण काढते. एवढी माणसं येऊन गेली, टाकी बरी आहे ना, झाकण नीट बसलंय ना. बरोबर जेवणाच्या वेळेला जाते. आणि दर वेळी हातात दोन संत्री किंवा दोन केळी घेऊन परत येते. यंदा संत्र्याचा बहार चांगला आहे. आमच्या घरात दोन माणसं, तेवढी खाऊन होत नाहीत. आई ती कुणाला देऊही देत नाही. स्वयंपाकघरातली टोपली भरली, मग तिने दुसरी काढली. जुनी संत्री सुकून हलकी झाली आहेत, हाताला लागली तर खुळखुळतात.

मला मराठीत लिहायची सवय नाही, आणि आमच्या घरातलं इतकं आतलं छापून यावं असं मला कधी वाटलं नव्हतं. काकूंबद्दल लिहायचं म्हणून बसले तेव्हा त्यांचा आवाज, त्यांच्या शेळ्या, त्यांचा हातगुण असं लिहायचं मनात होतं. पण प्रज्ञा दर रविवारी ही पुरवणी वाचते. व्हरांड्यातल्या त्याच खाटेवर बसून ती वाचताना मला भिंतीवरून दिसते. समोरासमोर मी तिला हे सांगू शकणार नाही, हे मला आता नीट कळलं आहे.

प्रज्ञा, तुझ्या सासूबाईंनी जे सांगितलं होतं ते तेव्हा खरं होतं, आणि ते आम्हीच खरं केलं होतं. आता ते खरं राहिलेलं नाही, पण हे त्यांना सांगायचं आम्ही इतकं लांबवलं की त्या गेल्या. पुन्हा तुमच्याच घराने पुढे यावं असं म्हणायचा आम्हाला काही हक्क नाही. शिजलेलं वाढायचं की फळंच द्यायची, ते तूच ठरव. आई काही म्हणणार नाही, तू जे पुढे ठेवशील ते 'किती करतेस गं' म्हणून घेईल. फक्त ठेवताना तुला एवढं ठाऊक असावं, की ती घरून न जेवता आलेली असते.